गिरणगावाची एकनिष्ठा

शिवसेना फुटली, धनुष्यबाण गेला, हातात मशाल आली. तरी २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भायखळा, शिवडी, वरळी आणि माहीम या एकमेकांना लागून असलेल्या चारही मतदारसंघांनी उद्धव ठाकऱ्यांचेच उमेदवार निवडून दिले. राज्यभरात त्या पक्षाच्या वाट्याला जेमतेम २० जागा आल्या, त्यातल्या १० मुंबईतल्या. ‘गिरणगाव म्हणजे सेनेचा बालेकिल्ला’ एवढं म्हणून बहुतेक विश्लेषक मोकळे झाले.

पण याच गिरणी भागानं १९५७ मध्ये कॉम्रेड श्रीपाद अमृत डांग्यांना लोकसभेत पाठवलं होतं. चाळी त्याच, कित्येक बिऱ्हाडंही तीच. आजोबा लाल बावट्याचे आणि नातू भगव्याचा, अशी घरं परळ-लालबागला शोधावी लागत नाहीत. मग ही एकनिष्ठा नेमकी कुणाशी?

मागे जायचं तर १९२८ पर्यंत जावं लागतं. त्या वर्षीचा कापड गिरण्यांचा संप सहा महिने चालला आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सहा महिने पगार नसताना माणसं जगली कशी, हा प्रश्न राजकारणाच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी तो विचारला आणि उत्तर गिरणीत न शोधता मोहल्ल्यात शोधलं. वाण्यानं उधारी दिली. खानावळवाल्या बायांनी ताटं वाढली. कोकणातली आणि घाटावरची माणसं काही दिवस गावी जाऊन आली. दहा-बारा माणसांची गावकीची खोली होती, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचं होतं, सणाला भजनी मंडळ होतं, पोरांना व्यायामशाळा होती. कामाला लावणारा मुकादमही बहुधा आसपासच राहायचा. गिरणीच्या दारात टिकायचं तर आधी या गल्लीत पाय रोवावे लागत. लाल बावट्यानं ते केलं. गिरणीगणिक कमिट्या काढल्या, चाळीत सभा घेतल्या, पुढे शाहीर आणले. मार्क्स किती जणांनी वाचला हा प्रश्न गौण होता.

ही निष्ठा तेव्हाही सगळ्यांची नव्हती. धोटा भरताना सूत तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि तिथला पगार तर चांगला. डॉ. आंबेडकरांनी कम्युनिस्टांना यावरून सुनावलं. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. बीडीडी चाळींतलं निळं राजकारण लालबागच्या लाल राजकारणापासून हाकेच्या अंतरावर वेगळं वाढलं. गिरणगावाला एका रंगात रंगवणाऱ्यांना हे आठवत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली तिथे आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगासाठी एकाच मान्यताप्राप्त संघटनेची सोय केली. ती मान्यता काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली आणि त्याच्याकडेच राहिली. कामगाराचं मन कुणाकडेही असो, मालकाशी बोलणी करणार हीच संघटना. गुप्त मतदानानं आपली युनियन निवडायचा हक्क कामगाराला नव्हता. गिरणीच्या आत मत देता येत नाही म्हटल्यावर त्यानं ते बाहेर, मतपेटीत दिलं. पक्षाला दिलेलं मत हेच त्याचं युनियनला दिलेलं मत झालं. एखादी वस्ती पिढ्यानपिढ्या एका झेंड्याखाली का राहते याला इतर कारणंही असतील, पण कामाच्या जागी दाबलेला आवाज घराच्या जागी असा जोरात उमटतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा आवाज टिपेला पोचला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर लाल बावट्याचेच. मराठी अस्मिता आणि कामगारांचा लढा यांची मोट कम्युनिस्टांनी स्वतः बांधली. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि मोट सुटली. १९६२ चं चीन युद्ध, १९६४ ची पक्षफूट यांत डावे अडकले. दरम्यान गिरणीतल्या माणसाचा मुलगा मॅट्रिक होऊन नाक्यावर उभा होता. त्याला साच्यावर जायचं नव्हतं, ऑफिसात जायचं होतं. त्याच्यासाठी युनियनकडे फॉर्मच नव्हता.

१९ जून १९६६ ला स्थापन झालेल्या शिवसेनेकडे तो होता. शाखा नाक्यावर निघाली. रेशनकार्ड, शाळाप्रवेश, नळाचं पाणी, इस्पितळातली खाट, नवरा-बायकोचं भांडण, सगळं तिथे. पुढे स्थानीय लोकाधिकार समितीनं बँका आणि विमा कंपन्यांत मराठी मुलांसाठी दारं ठोठावली. लाल बावट्यानं १९२८ मध्ये गल्लीत जे केलं, तेच सेनेनं चाळीस वर्षांनी केलं, फक्त मालकाशी भांडण वगळून.

हे सगळं सेवेवरच झालं असं म्हणणं मात्र खोटेपणाचं होईल. १९६७ च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्ट कार्यालयावर हल्ला झाला. ५ जून १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, आरोप शिवसैनिकांवर आला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. वामनराव महाडिक त्यांना दोन हजारांहूनही कमी मतांनी हरवून सेनेचे पहिले आमदार झाले. एवढ्या रक्तानंतरही जवळजवळ निम्मा परळ लालच होता.

आणि निष्ठा लगेच फिरलीही नाही. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत सेनेनं चक्क काँग्रेसच्या रामराव आदिकांना पाठिंबा दिला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, दलित पँथरनं बहिष्कार पुकारला आणि निवडून आल्या डांग्यांच्या कन्या, कम्युनिस्ट रोझा देशपांडे. नळाच्या तक्रारीला शाखा आणि मालकाविरुद्ध लाल बावटा अशी वाटणी मतदारानं मनातल्या मनात करून टाकली होती. ती बरीच वर्षं टिकली.

१८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाकडेही तसंच पाहावं लागतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार ना डाव्यांच्या मागे गेले, ना सेनेच्या. ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. पगारवाढ होतीच, पण मजदूर संघाची मान्यता काढा, १९४६ चा तो कायदा रद्द करा, ही मागणीही होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विझत गेला. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना मध्य-दक्षिण मुंबईनं सामंतांना लोकसभेत पाठवलं. सेनेचे उमेदवार तेव्हा भाजपच्या कमळावर लढले आणि पडले. हरलेल्या संपाच्या नेत्याला लाटेविरुद्ध निवडून देणं, हे मला या भागानं दिलेलं सर्वांत प्रामाणिक मत वाटतं.

पण गिरण्या बंद पडून कामगारच उरला नाही तर कामगार नेता कुणाच्या जोरावर उभा राहणार? १९८५ मध्ये महापालिका सेनेकडे आली. १९९१ ते २००४ सलग पाच वेळा सेनेचे मोहन रावले इथून खासदार झाले. मधली गोष्ट जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात आहे: भोंगा बंद झालेल्या घरातली मुलं. काहींनी दगडी चाळीचा, म्हणजे टोळीचा, रस्ता धरला. २००४ मध्ये चिंचपोकळीनं अरुण गवळीला आमदार केलं, तेही याच हिशेबानं. दारात उभा राहतो तो आपला. २००९ मध्ये शिवडी राज ठाकऱ्यांच्या मनसेच्या बाळा नांदगावकरांकडे गेली, पण ते घरातल्या घरातलंच स्थलांतर होतं.

म्हणून मला एकनिष्ठेचं फार कौतुक वाटत नाही आणि मतदाराला भोळा ठरवणंही पटत नाही. जो रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स आणतो त्याला मत देणं हा व्यवहारच आहे. प्रश्न पलीकडच्या बाजूचा. ॲम्ब्युलन्सच्या बदल्यात जमिनीचा हिशेब विचारला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा घरांसाठी म्हाडाला मिळायला हवा होता. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती ठेवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती मान्य केली. २००५ मध्ये शिवसेना भवनासमोरची कोहिनूर गिरणी ४२१ कोटींना विकली गेली. घेणाऱ्यांत सेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे चिरंजीव होते आणि राज ठाकरेही. १९९५ ते ९९ राज्य युतीचं, नंतरची पंधरा वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादीचं. गिरणी कुणीच चालू केली नाही.

घरासाठी गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज पडून होते. बहुतेकांना अजून चावी मिळालेली नाही. आता जी घरं देऊ केली जात आहेत, ती मुंबईबाहेर, शेलू आणि वांगणीला आहेत. तिथून गिरणगावात मत देता येत नाही.