शेळी तोंड लावत नाही ते पान

बीड जिल्ह्यातल्या धारूर-अंबाजोगाईच्या बालाघाट डोंगरांत सीताफळ तगले, त्याचे बरेचसे श्रेय त्याच्या पाल्याला जाते. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. झाड मूळचे अमेरिका खंडातले, पण गावांनी त्याचा गुण नेमका हेरला: जनावराच्या जखमेत किडे पडले की पाला वाटून भरायचा, उवांवर बियांची पूड. म्हणजे लोकांच्या लेखी हे पान मारकच होते. ते तारक ठरू लागले गेल्या वीस-बावीस वर्षांत. २००४ साली मणिपालच्या संशोधकांनी पानांच्या अल्कोहोलमधील अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता प्रयोगशाळेत तपासली आणि ती चांगली भरली. पुढे मधुमेही उंदरांवर प्रयोग झाले. क्षयरोगाच्या औषधांनी उंदरांच्या यकृताला होणारी इजा अर्काने कमी होते, असेही दिसले. पानात क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये आहेत, तेव्हा हे निष्कर्ष अविश्वसनीय नाहीत.

अडचण निष्कर्षांत नाही, ते वाचून पानांचा काढा किंवा चूर्ण पोटात घेणे हितकारक मानण्यात आहे. अँटिऑक्सिडंट चाचणीत परीक्षानळीतले डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण पिवळे पडले, की अर्काने मुक्त कण निष्प्रभ केले एवढेच कळते. चहाही ते करतो. शरीरात गणित वेगळे असते. १९९४ साली फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे नामांकित अँटिऑक्सिडंट दिले, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला. शिवाय सीताफळाच्या कुळात अॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. ती पेशीतल्या मायटोकाँड्रियाची ऊर्जानिर्मितीच रोखतात. किडे मरतात ते बहुधा यांच्यामुळेच. पेशीचे रक्षण करणारे आणि पेशीला गुदमरवणारे, दोन्ही एकाच पानात नांदतात. ग्वादलूप बेटावर या कुळातली फळे आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा विकार जास्त दिसतो, असे १९९९ मध्ये नोंदवले गेले. कार्यकारण सिद्ध झालेले नाही, पण पानांचा चहा रोज पिण्याआधी थबकायला एवढे पुरे.

यावर कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या वापरातले पान घातक कसे? पण बाहेरून लावण्याचा अनुभव पोटात घेण्याची हमी देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काढा पाण्यातला, आणि अॅसिटोजेनिने पाण्यात फारशी उतरत नाहीत. खरे आहे, पण मग अल्कोहोलमधील अर्काचे गुणही त्या काढ्याला चिकटवता येत नाहीत, आणि चूर्ण गिळणाऱ्याच्या पोटात तर अख्खे पानच जाते. हे तपासायला अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. तोवर एवढे लक्षात ठेवावे: २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही फळाला, पाल्याला नव्हे.