थंडी आहे, मग बर्फ का नाही?

बर्फाचं वेड असलेला माणूस घाटंजीसारख्या गावात राहत असेल, तर कोजागिरी उलटली की त्याला एक प्रश्न हमखास येतो : यंदा थंडी कशी राहणार? हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ज्याला बर्फ पाहायचा आहे, त्याला आभाळ वाचावंच लागतं, आणि वाघाडीच्या काठावर बर्फ पडत नसला तरी हिवाळा इथेही पुरेसा गुंतागुंतीचा आहे. अडचण एवढीच की त्याच्याविषयी बोलताना आपण बऱ्याच गोष्टी ऐकीव धरून चालतो.

सगळ्यांत पक्का समज म्हणजे, ‘पारा आणखी थोडा उतरला असता तर आपल्याकडेही बर्फ पडला असता.’ २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आलं, तेव्हा हे वाक्य विदर्भात घरोघरी ऐकू आलं. पण त्या रात्री पारा शून्यावर गेला असता तरी बर्फ पडला नसता. तो ढगातून पडतो आणि आभाळ तर निरभ्र होतं. किंबहुना आभाळ निरभ्र होतं म्हणूनच पारा एवढा उतरला.

आपल्याकडची कडक थंडी दोन गोष्टींनी बनते. उत्तरेकडून कोरडा, थंड वारा येतो, हे एक. दुसरं असं की रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते. मध्ये ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, ती उष्णता बरीचशी परत खाली पाठवतात. ढग नसले, हवेत ओल नसली आणि वारा पडलेला असला, तर जमीन पहाटेपर्यंत निवत जाते. अशा पहाटे शे-दोनशे मीटर उंचीवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणजे ही थंडी जमिनीला चिकटलेला एक पातळ थर असते. बर्फाला हवी असते ओली आणि ढगापासून जमिनीपर्यंत जवळजवळ सगळीकडे गोठणबिंदूच्या आसपास असलेली हवा. भर हिवाळ्यातही विदर्भावर शून्य अंशाची पातळी जमिनीपासून साधारण चार किलोमीटर वर असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे तेही त्या पातळीच्या निम्म्याहून खाली. इथे ढग आले की थंडी पळते आणि थंडी आली की ढग नसतात. हिमालयात उंचीमुळे दोन्ही एकत्र येतात, आपल्याकडे नाही.

नुसती थंडी असून भागत नाही, याचा सर्वांत चांगला दाखला लेह. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, पण हिमवर्षाव बेताचाच असतो. वर्षभराचा पाऊस आणि वितळवून मोजलेला बर्फ मिळून साधारण शंभर मिलिमीटर. हवा जितकी थंड, तितकी तिच्यात वाफ कमी. गुलमर्ग लेहइतकं थंड नाही, तरी बर्फाचे थर पाहायला लोक तिथेच जातात.

मग महाबळेश्वरचं काय? डिसेंबर-जानेवारीत एखादी तरी बातमी येतेच : वेण्णा तलावाजवळ ‘बर्फ पडला’. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. तो खरा असतो, पण वरून पडलेला नसतो. हवेतली वाफ निवलेल्या पानावर आधी दव होऊन मग गोठते, किंवा सरळ बर्फाच्या कणांच्या रूपात जमते. सातपुड्यात पचमढीलाही हेच होतं. ‘तापमान तर सहा-सात अंश होतं, मग बर्फ कसा?’ असं लोक विचारतात. वेधशाळेचा तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. निरभ्र, शांत रात्री गवताचं पातं त्याच्यापेक्षा चार-पाच अंशांनी सहज जास्त थंड होतं. शिवाय थंड हवा जड असते, ती उतारावरून खोलगट भागाकडे सरकते. म्हणून यवतमाळचा आकडा वाचून घाटंजीच्या नाल्याकाठच्या वावराची थंडी मोजता येत नाही.

हे शेतकऱ्याच्या थेट कामाचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ‘धुवारी आली आणि तूर जळाली,’ असं आपल्याकडे म्हणतात. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, ते काही जाळत नाहीत. धुक्याची रात्र तर कोरड्या निरभ्र रात्रीपेक्षा बहुधा कमी थंड असते. नुकसान वेगवेगळ्या वाटांनी होतं आणि धुकं डोळ्यांना दिसतं म्हणून सगळा दोष त्याच्या माथी बसतो. पानं-फुलं तासन्‌तास ओली राहिली की बुरशीला फावतं, ढगाळ हवेत घाटेअळी वाढते, आणि निरभ्र रात्री झाडातलंच पाणी गोठलं तर पेशी फाटतात आणि सूर्य वर आल्यावर पानं करपलेली दिसतात. चौथी शक्यता मर रोगाची. वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरावं. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर दोष थंडीचा नाही, जमिनीतल्या बुरशीचा आहे. कारण नीट ओळखलं नाही तर फवारणीचा पैसा वाया जातो, आणि एकाच पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला तो परवडत नाही.

थंडीपासून पीक वाचवायला धुऱ्यावर धूर करतात. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. जो थोडा फायदा होतो तो जाळाच्या उबेचा. त्यापेक्षा हलकं ओलीत जास्त उपयोगी. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. ओलितासाठी मध्यरात्रीच्या विजेची वाट पाहत हरभऱ्यात उभं राहणाऱ्या माणसाला थंडी काय असते हे मी सांगायला नको. हे काम दिवसाच्या विजेवर व्हावं, असं मला फार वाटतं. पिकालाही दिवसाचंच ओलीत चालतं.

गारपीट म्हणजे बर्फवृष्टी, हाही एक समज. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये महाराष्ट्रभर गारांनी गहू, हरभरा, द्राक्षं झोडपली. शेतं पांढरी झाली आणि ‘काश्मीर अवतरलं’ असे फोटो फिरले. बर्फाची आवड असूनही त्या फोटोंकडे मला कौतुकानं पाहता आलं नाही. गार आणि हिमकण यांची जडणघडणच वेगळी. हिमकण ढगात शांतपणे, वाफेतून सहा कोनांचा वाढतो. गार बनायला जमीन तापलेली लागते, म्हणजे हवा जोरानं वर उसळते, गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर थापले जातात आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. म्हणून गारा ऐन थंडीत क्वचित आणि उन्हं तापायला लागल्यावर, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, जास्त पडतात. पावसाळ्यात शून्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर जाते आणि वाटेतली हवा दमट-उबदार असते, तेव्हा गारा बहुधा वितळूनच जातात.

या पाच किलोमीटरच्या हिशेबात मला सर्वांत आवडणारी गोष्ट दडलेली आहे. जुलैच्या झडीत घाटंजीवर जो पाऊस दिवसभर संथ कोसळतो, त्यातला मोठा भाग वर हिमकण म्हणूनच जन्मतो. रडारवर त्या उंचीला एक ठळक पट्टा दिसतो, कारण वितळू लागलेले, ओले झालेले हिमकण रडारच्या लहरी जोरात परत फेकतात. तेव्हा ‘घाटंजीच्या आभाळात बर्फ नाही’ हे विधान चूक आहे. बर्फ आहे, फक्त तो वितळून पोचतो, आणि तोही भर पावसाळ्यात.

सूर्याबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी, असं अजून अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत जवळ, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैत १५.२ कोटींवर. फरक अंतराचा नाही, पृथ्वीच्या आसाच्या कलाचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर येतो. दिवस मोठा व्हायला सुरुवात २२ डिसेंबरच्या सुमाराला होते, संक्रांतीला नाही. मात्र सूर्योदय संक्रांतीच्या आसपासच सर्वांत उशिरा होतो, म्हणून पहाटे उठणाऱ्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे.

‘काश्मिरात बर्फ पडला, आता आपल्याकडे थंडी.’ हे अर्धं खरं आहे. हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राच्या बाजूनं पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारे कमी दाबाचे पट्टे. ते उत्तरेत असताना आपल्याकडचा उत्तरेचा वारा उलट मंदावतो, कधी ढग येतात आणि रात्रीचा पारा चढतो. विक्षोभ पुढे सरकल्यावर, एक-दोन दिवसांनी, मोकळ्या झालेल्या आभाळाखाली उत्तरेचा वारा मध्य प्रदेशातून खाली उतरतो तेव्हा आपण गारठतो. अवकाळी पावसाच्या दिवशी वाजणारी थंडीही अशीच फसवी. दिवसा ऊन नसतं म्हणून हुडहुडी भरते, पण त्या रात्रीचा पारा बहुधा चढलेला असतो.

वर्तमानपत्रात ‘थंडीची लाट’ हे शब्द फार सैल वापरले जातात. मैदानी भागासाठी हवामान विभागाचा निकष असा : किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं. किंवा पारा थेट ४ अंशांवर वा त्याखाली यावा. नुसता नऊ अंशांचा आकडा म्हणजे लाट नव्हे.

आणि ला निना. दर दिवाळीला फोनवर निरोप फिरतो की यंदा ला निना आहे, हाडं गोठवणारा हिवाळा येणार. प्रशांत महासागराचं पृष्ठपाणी थंड असलं की उत्तर भारतात थंडी वाढण्याकडे कल असतो, हे खरं. पण कल म्हणजे हमी नाही. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निना होती. त्यातल्या शेवटच्या हिवाळ्यातला फेब्रुवारी २०२३, कमाल तापमानाच्या सरासरीनुसार, १९०१पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

अशा एकाच खुणेवर हंगाम बांधण्याचा मोह जुना आहे. भारतीय हवामान विभाग १८७५मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४मध्ये मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून कमजोर राहतो. काही वर्षं ते जमलं, पुढे संबंध विस्कटत गेला. विभागाचे नंतरचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मग जगभरच्या अनेक घटकांची एकत्र सांगड घातली. १९२८मध्ये विभागाचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. बर्फाच्या गावाहून आलेल्या कार्यालयाची ही खूण महाराष्ट्रात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

तर यंदा थंडी कशी राहणार? ऑक्टोबरात बसून कुणी तारीख आणि अंश सांगत असेल तर त्यावर विसंबून पेरणीचं किंवा ओलिताचं गणित करू नये. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं कृषी हवामान पत्रक पुढच्या पाच दिवसांचं किमान तापमान, ढग आणि वारा सांगतं. ढग शून्य, वारा पडलेला आणि पारा उतरता असं तिन्ही एकत्र दिसलं, की त्या दिवशी उजेडातच हलकं ओलीत करून घ्यावं.