कपाळावरचा घोडा

आमच्या अण्णांना दोन संसार होते, असं आई गमतीनं म्हणायची. एक आमचा आणि दुसरा इंजिनाचा. अण्णा सरकारी वाफेच्या रोड रोलरवर ड्रायव्हर होते. पहाटे चारला उठून भट्टी पेटवायची, बॉयलरमधलं पाणी बघायचं, वाफ धरेपर्यंत तेलपाणी करायचं आणि मग दिवसभर खडीवर पुढे-मागे, पुढे-मागे. सातारा जिल्ह्यातले कितीतरी रस्ते त्यांनी असे दाबले. त्या रोलरला ते ‘माझं मार्शल’ म्हणत. १९८१ साली ते निवृत्त झाले आणि रोलरही त्याच सुमारास थांबला.

२०१९च्या पावसाळ्यात कळलं, की तो रोलर एका आवारात बाभळींच्या जाळीत उभा आहे आणि लवकरच भंगारात वजनावर जाणार आहे. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पडलो निवृत्त मास्तर, यंत्रातलं मला काय कळणार? पण मन राहीना. गावातल्या चौघांनी मिळून अर्ज केला, की रोलर शाळेच्या पटांगणात ठेवू द्या. साहेबांनी सरळ विचारलं, ‘‘हा कुणी बनवला? जतन करण्याजोगा आहे, याला पुरावा काय?’’ मी म्हटलं, ‘‘मार्शलचा आहे.’’ ते म्हणाले, ‘‘मग तसं दाखवा.’’

दाखवायचं कशावरून? बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी केव्हाच चोरीला गेली होती. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावर मँचेस्टरच्या बुडेनबर्गचं नाव होतं. क्षणभर वाटलं, सापडलं! पण बुडेनबर्गवाले अशी घड्याळं बनवत. ती कुणाच्याही इंजिनावर बसत. मग जुन्या इंजिनांवरची पुस्तकं मिळवली. त्यातून एक गोष्ट उमगली. धुराडं, भट्टीचं दार, चाकं हे भाग पन्नास वर्षांत कितीदा तरी बदलले जातात. त्यांच्या साक्षीवर विसंबू नये. साक्ष घ्यायची ती सहसा न बदलणाऱ्या भागांची: सिलिंडरचा ओतीव ठोकळा, भट्टीच्या दोन्ही बाजूंनी वर चढलेले जाड पत्रे आणि पुढच्या रुळाला धरणारं बिडाचं डोकं.

त्या डोक्यावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासला, तेव्हा मधोमध बोल्टची भोकं दिसली. तिथे काहीतरी बसवलेलं होतं. काय, ते कळेना. घरी येऊन आईला सहज म्हटलं. आई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, ‘‘अरे, तिथे घोडा होता! दोन पायांवर उभा राहिलेला, पितळेचा. दसऱ्याला हे आधी त्या घोड्याला गंध लावायचे, मग इंजिनाला हार.’’

घोडा म्हटल्यावर गाठ सुटली. मार्शल कंपनी गेन्सबरोची, तिची खूण ब्रिटानिया. उधळलेला घोडा ही खूण इंग्लंडमधल्या केंट परगण्याची, आणि तिथल्या रोचेस्टर गावच्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीनं ती घेतली होती. पुस्तकातल्या एव्हलिंगच्या फोटोशी आमच्या रोलरचं डोकं ताडून पाहिलं. भोकं नेमकी जुळली.

या थॉमस एव्हलिंगची गोष्टही गमतीची. १८५०च्या दशकात मळणीची वाफेची इंजिनं शेतावर न्यायची तर घोड्यांनीच ओढावी लागत. ज्याच्या पोटात इतकी ताकद, त्यालाच जनावरांनी ओढायचं, हे एव्हलिंगला पटेना. त्यानं इंजिनाच्या फिरत्या दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत साखळी घातली आणि इंजिन आपल्या पायांनी चालू लागलं. हेच ट्रॅक्शन इंजिन. पुढे १८६०च्या दशकात त्यानं याच घराण्यातला रस्त्याचा रोलर काढला. घोड्यांची ओझ्यातून सुटका केली ती यानं, आणि कपाळावर मिरवला तो घोडाच!

हे सारं कळूनही माझ्या हातून अर्ज लिहून होईना. एव्हलिंग लिहायचं म्हणजे अण्णांना खोटं पाडायचं. ज्या माणसानं पंचवीस वर्षं त्या यंत्राच्या तोंडाशी घाम गाळला, त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं? अखेर अण्णांबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. ते खो खो हसले. म्हणाले, ‘‘गुरुजी, आमच्या गँगमध्ये सगळे रोलर मार्शलच! तुमच्या घरात वनस्पती तुपाला काय म्हणायचे? डालडाच ना?’’

मनावरचं ओझं उतरलं. अण्णा चुकले नव्हते. ते कारखान्याचं नाव सांगत नव्हतेच. ते आपल्या इंजिनाला हाक मारत होते.

अर्ज मंजूर झाला. रोलर आता शाळेच्या पटांगणात चिंचेखाली उभा आहे. एका भागावर ठोकलेल्या क्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे वाचता आले, म्हणून पाटीवर साल घातलेलं नाही. ओळी दोनच आहेत. वर लिहिलंय, ‘एव्हलिंग अँड पोर्टर, रोचेस्टर’. खाली, ‘इथलं नाव : मार्शल’.

दसऱ्याला आम्ही हार घालतो. आई होती तोवर तीही यायची. हाराआधी गंधाचं बोट ती त्या रिकाम्या भोकांच्या मधोमध टेकवायची, नेमकं घोड्याच्या जागी.