क्लोन काढला, पण तो सुरू होतो का?

मागच्या भागात हार्ड डिस्कचा क्लोन काढला. आज त्याची परीक्षा.

चेंबूरच्या पोस्टल कॉलनी, शेल कॉलनीसारख्या सखल भागांत पावसाळ्यात पाणी साचतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस तळमजल्यावर दवाखाना किंवा ऑफिस असलेल्यांना वेगळा सांगायला नको. अशा वेळी भिजलेली डिस्क काढून क्लोन लावायचा आणि तासाभरात कामाला लागायचं, यासाठीच तो काढलेला असतो. पण क्लोनिंग यशस्वी झाल्याचा संदेश फक्त नक्कल पूर्ण झाल्याचं सांगतो. त्या डिस्कवरून विंडोज सुरू होईल याची ती हमी नव्हे.

बऱ्याचदा फक्त सी ड्राइव्हची नक्कल झालेली असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर संगणक सुरू करणारा कोड पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरपासून सुरू होतो. नव्या यूईएफआय संगणकांत तो एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये, बहुधा १०० एमबीच्या, असतो. हे मागे राहिलं तर फायली सगळ्या दिसतात, पण संगणक सुरू होत नाही.

चाचणीचा पहिला नियम मी कधीच सैल करणार नाही: संगणक बंद करून मूळ डिस्क पूर्ण काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर संगणक गुपचूप जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि आपण क्लोनवर विश्वास टाकून बसतो. शिवाय दोन्हींची डिस्क सिग्नेचर एकच, म्हणून विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं. ती ऑनलाइन केली की सिग्नेचर बदलते आणि धडधाकट क्लोनही सुरू होईनासा होऊ शकतो.

क्लोन मूळ डिस्कच्याच जागी, तिच्याच केबलवर लावा. यूएसबी डबीतून पाहून निकाल देऊ नका. नेहमीचं विंडोज यूएसबीवरून चालण्यासाठी बसवलेलं नसतं, त्यामुळे चांगल्या क्लोनवरही निळी स्क्रीन येते. उलट, काही डब्या ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. तशा डबीत काढलेला क्लोन आत लावल्यावर वाचलाच जात नाही.

सुरू झाला नाही तर बायोसमध्ये यूईएफआय की लेगसी, हे मूळ डिस्कप्रमाणेच आहे ना ते बघा. मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवा, तेही फक्त क्लोन जोडलेला असताना. बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा.

डेस्कटॉप दिसला म्हणून थांबू नका. टॅली उघडा, एखादं जुनं बिल छापा. मात्र खरी नोंद करू नका, ती क्लोनवरच राहील आणि मूळ डिस्कवर दिसणार नाही.

जूनच्या पावसाआधी एखाद्या रविवारी हे करून घ्या, आणि चाचणीची तारीख क्लोनवर चिकटवून तो वरच्या मजल्यावर ठेवा.