वारुळावरील अळंबी व तिच्यावर येणारे जीव

आषाढाचा पाऊस लागला म्हणजे डोळखांब, शहापूर, मुरबाड या बाजूस बांधांवरील वारुळांतून पांढरी अळंबी वर येते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मंडळी पहांटेसच जाऊन ती खुडतात. खातेदाराचें चित्त मात्र या दिवसांत लावणींत गुंतलेलें असतें. आपल्याच बांधावर काय उगवलें व तें कोणीं खाल्लें, इकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. ती जावी असें आम्हांस वाटतें.

अळंबी हें झाड नव्हे, फळ होय. खरी बुरशी जमिनींत सुतासारख्या तंतूंनीं पसरलेली असते. वारुळावरील जातीची हकीकत तर विशेषच आहे. वाळवी गवत व लाकूड कुरतडून आणते आणि आपल्या विष्ठेपासून वारुळांत सच्छिद्र गड्डे रचून त्यांवर ही बुरशी वाढविते. लाकडांतील चिवट अंश बुरशी कुजविते. मग तिच्या बारीक पांढऱ्या गांठी व मऊ झालेला गड्डा वाळवी खाते. म्हणजे वाळवीहि शेतकरीच, आणि तिची शेती मनुष्याच्या शेतीहून कोट्यवधि वर्षांनीं जुनी! पावसाळ्यांत याच गड्ड्यांवरून मुळासारखा लांब देंठ माती भेदून वर येतो व टोंकदार छत्री उघडते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या वंशास टर्मिटोमायसीस असें नांव दिलें. गोमंतकांत हिला रोयणीची अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ.

धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर घरींहि करितां येते. ही मात्र वाळवीवांचून बाजारापुरती पिकविणें अद्याप साधलेलें नाहीं; वाळवी मेली कीं तेथील अळंबीहि गेली. घराच्या वाशांस किंवा कोंवळ्या कलमांस उपद्रव देणाऱ्या वारुळाचा बंदोबस्त करावाच लागतो. पण पडीक बांधावरचें खणण्याची घाई कशास? जेथें कीटकनाशक ओतलें असेल तेथील अळंबी मात्र कोणींहि खाऊं नये.

छत्री उघडली कीं तिच्यावर पाहुणे जमूं लागतात. रात्रीं गोगलगायी येऊन कडा कुरतडतात व सकाळीं त्यांची चकाकती वाट मागें दिसते. छत्री उलटी करून खालच्या पातळ पडद्यांत पाहिलें तर बारीक काळे भुंगेरे पळतांना आढळतात. देंठ चिरला तर माश्यांच्या पांढऱ्या अळ्या. या किड्यांच्या लोभानें बेडूक येतात, परसांत कोंबड्या येतात. आफ्रिकेची मोठी गोगलगाय, जी १८४७ सालीं कलकत्त्याच्या एका बागेंत सोडली गेली व पुढें देशभर पसरली, तीहि अळंबी खाते. पण ती तेवढ्यावर थांबत नाहीं, भाजीपाल्याकडे वळते. ती दिसल्यास सायंकाळीं वेंचून नष्ट करावी.

येथेंच एका घातक समजुतीचा विचार केला पाहिजे. "किड्यानें खाल्ली ती माणसास चालते" असें पुष्कळ जाणते लोकहि म्हणतात. तें सर्वस्वी खोटें आहे. जी अळंबी मनुष्याचें यकृत निकामी करिते, ती गोगलगाय व कांहीं माश्यांच्या अळ्या निर्धास्त खातात. त्यांच्या शरीरास तें विष बाधत नाहीं. चांदीचें नाणें किंवा लसूण काळी पडते, ही परीक्षाहि तशीच निरुपयोगी. आणि शिजविल्यानें असलें विष जात नाहीं.

गवताळ परसांत व खतवलेल्या जमिनींत क्लोरोफायलम नांवाची मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री उगवते. ती खाल्ल्यास थोड्याच तासांत जबर वांत्या व जुलाब होतात. पक्व छत्री पडद्यांकडून पांढऱ्या कागदावर ठेवून रात्रभर भांड्याखालीं झांकावी. सकाळीं हिरवट पूड पडली तर ती हीच. वारुळाच्या अळंबीची पूड फिकट गुलाबी असते. तथापि केवळ पूड हिरवी नाहीं एवढ्यावर कोणतीहि अळंबी निर्धोक मानूं नये. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची, वारुळांतूनच उगवलेली तेवढीच घ्यावी. शंका आली कीं टाकावी.

खाल्ल्यानंतर सहा तासांनीं किंवा त्याहून उशिरां वांत्या सुरू झाल्या तर प्रकार अधिक गंभीर समजावा. अशा रोग्यास मध्यें एक दिवस बरें वाटतें व नंतर यकृत बिघडतें. म्हणून वांती थांबली तरी त्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें, व उरलेली अळंबी कागदांत गुंडाळून डॉक्टरांस दाखविण्याकरितां बरोबर घ्यावी.