पुण्यातून करता येतील असे तीन भारी रेल्वेप्रवास : पण गाडी घाटात किती वाजता असते, हे आधी बघा!

शनिवार पेठेत सुट्टीचा बेत ठरला की पहिला हिशोब ठरलेला असतो. रात्रीची गाडी पकडायची, झोपून जायचं, म्हणजे दिवस वाया जात नाही. कुठेतरी पोहोचायचंच असेल तर हा हिशोब बरोबर आहे. पण प्रवास हीच सुट्टी असेल तर? मग रात्रीच्या गाडीत पैसे पूर्ण जातात आणि खिडकीत दिसतो फक्त अंधार.

रेल्वेने सुट्टी म्हटलं की अनेकांना डेक्कन ओडिसीसारखी लाखांत तिकीट असलेली आलिशान गाडी आठवते. पण तशाच डोंगरदऱ्या साध्या गाडीतूनही दिसतात. त्यासाठी वेळापत्रक जरा वेगळ्या पद्धतीने वाचावं लागतं. गाडी पोहोचते कधी यापेक्षा ती घाटात असते कधी, हे महत्त्वाचं.

१. बोरघाट : अर्ध्या दिवसाची सहल

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. सकाळी सव्वासातला ती पुण्याहून निघते आणि साधारण तासाभरात लोणावळ्याला येते. म्हणजे घाट उतरताना स्वच्छ उजेड असतो. गाडीत टेबल-खुर्च्यांची डायनिंग कार आहे, त्यामुळे नाश्ताही तिथे बसून करता येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून काचेच्या छताचा आणि फिरत्या खुर्च्यांचा विस्टाडोम डबाही जोडला जातो.

परतीला मात्र विचार करा. हीच गाडी संध्याकाळी मुंबईहून सुटते आणि डिसेंबरात घाट चढेपर्यंत अंधार झालेला असतो. त्यामुळे मुंबईत मुक्काम करणार असाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळची डेक्कन एक्स्प्रेस घ्या. तिलाही विस्टाडोम आहे.

या घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणूनच पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि कंत्राटाची जबाबदारी त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने घेतली.

२. कोकण रेल्वे : दिवसभराचा प्रवास

२६ जानेवारी १९९८ पासून हा मार्ग सलग सुरू झाला. लांबी सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तर पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच.

पुण्याहून थेट जाणारी पूर्णा एक्स्प्रेस कोकणातून रात्री धावते. त्यामुळे आदल्या दिवशी मुंबई किंवा पनवेल गाठा आणि सकाळची मांडवी किंवा जनशताब्दी एक्स्प्रेस पकडा. जनशताब्दीला विस्टाडोम आहे. मांडवी तिच्या खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात या मार्गावर वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकही वेगळं असतं, ते पाहूनच तिकीट काढा.

३. दूधसागर : जाताना झोपा, येताना जागे राहा

सुमारे ३१० मीटरचा हा धबधबा कॅसलरॉक आणि कुळे या स्थानकांच्या मध्ये आहे. पुण्याहून जाणारी गोवा एक्स्प्रेस त्याच्यासमोरून जाते, पण रात्री! परतीची गाडी दुपारी वास्कोहून निघते आणि संध्याकाळच्या उजेडात हा घाट चढते. म्हणून गोव्याला कोकण रेल्वेने दिवसा जायचं आणि दूधसागरमार्गे परतायचं. एकाच सुट्टीत दोन्ही मार्ग होतात.

रील काढायला खाली उतरलं तर चालेल का?

नाही. जुलै २०२३ मध्ये दूधसागरजवळ रुळांवर आलेल्या पर्यटकांना उठाबशा काढाव्या लागल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यानंतर दक्षिण पश्चिम रेल्वेने धबधबा डब्यातूनच पाहा, असं आवाहन केलं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांवर जाणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की पावसात, वळणावर आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. दारात लटकून शूटिंग करणंही तितकंच धोक्याचं आहे, कारण घाटात बोगद्याची भिंत अगदी जवळून जाते.

तिकीट कधी काढायचं?

नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. विस्टाडोमच्या एका डब्यात ४४ च जागा असतात, त्यामुळे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी पहिल्याच दिवशी बुकिंग करा. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, म्हणून त्यावर हॉटेलचे पैसे आधी भरू नका.

आणि पेठेतून स्टेशनपर्यंत? ओंकारेश्वराकडून नदी ओलांडली की महापालिकेचं मेट्रो स्थानक आहे. तिथून थेट मेट्रो पुणे रेल्वे स्थानकापर्यंत जाते. सव्वासातची गाडी पकडायला रिक्षावाल्याशी भाव करत बसायची गरज नाही.