फ्रीजच्या दारातला नळ

पेणच्या घरातला आमचा पहिला फ्रीज सुरीने गेला. मे महिना होता, फ्रीझरमध्ये बोटभर जाड बर्फ साचला होता, पाहुणे ओसरीवर येऊन बसले होते आणि बर्फाचा ट्रे काही केल्या सुटत नव्हता. मी सुरीचं टोक घालून खरवडायला लागलो. फिस्स असा बारीक आवाज आला, थोडा वेळ चालला आणि थांबला. संध्याकाळी दुधाला थंडावा नव्हता. फ्रीजवाल्याने फ्रीझरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "गॅस गेला. भोक पडलंय." तेव्हापासून त्या फ्रीजमध्ये आई पोह्याचे पापड आणि मिरगुंडं ठेवते. दाराचं रबर अजून घट्ट आहे. पेणच्या पावसात घरात याहून कोरडं कपाट नाही, असं ती सांगते.

त्या भोकाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. एकदारी फ्रीजचा फ्रीझर हा नुसता डबा नसतो. दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर दाबून, मधे फुगवून नळ्यांचं जाळं केलेलं असतं आणि सगळी थंडी त्याच जाळ्यात तयार होते. मागच्या बाजूचा कॉम्प्रेसर वायू दाबतो, तापलेला वायू पाठीवरच्या काळ्या जाळीत उष्णता टाकून द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरच्या जाळ्यात शिरतो आणि दाब एकदम उतरल्यामुळे तिथे उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो दुधातून, भाजीतून, पाण्यातून ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं तेही याच न्यायाने. फरक एवढाच, की माठातून झिरपलेलं पाणी हवेत निघून जातं आणि फ्रीजमधला द्रव पुन्हा पुन्हा त्याच फेऱ्यात फिरत राहतो. फेरा फुटला की संपलं.

म्हणून गेल्या वर्षी रोह्याला मामांच्या पडवीत त्यांचा जुना फ्रीज भंगारवाल्याची वाट पाहत उभा दिसला, तेव्हा मी आधी त्याची पाठ पाहिली. काळी जाळी शाबूत होती. बटण लावल्यावर कॉम्प्रेसर घुरघुरला आणि वीस मिनिटांत फ्रीझरला हात चिकटू लागला. १६५ लिटरचा, एकदारी, नव्वदच्या दशकातला. मामींना दोन दारांचा नवा हवा होता, एवढंच त्याचं दुखणं.

"मामा, हा भंगारात देऊ नका."

"अरे, मग करू काय त्याचं? पडवीत ठेवून पूजा करू?"

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात अशा फ्रीजचं काय करतात ते मी त्यांना सांगितलं. घरी बिअर बनवणारे तिथले लोक जुन्या फ्रीजमध्ये बिअरचं पिंप ठेवतात, त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर जोडतात आणि फ्रीजच्या दारातून नळ बाहेर काढतात. केग आणि रेफ्रिजरेटर हे शब्द जोडून त्याला 'केगरेटर' म्हणतात. अमेरिकेत घरी बिअर करायला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये, जिमी कार्टर अध्यक्ष असताना. पुढे शीतपेयांच्या कंपन्यांनी सरबताचा अर्क पोलादी पिंपांऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांतून पाठवायला सुरुवात केली. १९ लिटरची हजारो स्टेनलेस स्टीलची पिंपं रिकामी झाली आणि ती या हौशी मंडळींनी स्वस्तात उचलली. एका धंद्याने टाकलेलं पिंप आणि एका घराने टाकलेला फ्रीज, या दोहोंवर एक अख्खी हौस उभी राहिली.

आपल्याकडे बिअरचा प्रश्न कायद्यापाशीच संपतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळता येत नाही आणि मला ती गाळायचीही नव्हती. मामांच्या परसात दोन रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत. एप्रिल-मे मध्ये मामी रातांब्याचा रस, म्हणजे आगळ, काढतात. मला नळातून कोकम सोडा हवा होता. पिंप, वायू, नळी आणि नळ यांना आत काय भरलं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. शास्त्र एकच.

ते शास्त्र एसटी स्टँडबाहेरच्या गोटी सोड्यात प्रत्येकाने पाहिलेलं आहे. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि पाण्यात दडलेला वायू बुडबुडे होऊन वर धावतो. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये हा नियम मांडला. पाण्यावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो पाण्यात जास्त विरघळतो. याच्या जोडीला दुसरी गोष्ट, जी कोकणात फार महत्त्वाची आहे: पाणी जितकं गरम, तितका वायू कमी विरघळतो. साध्या वातावरणीय दाबाला शून्य अंशावरच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो, २० अंशांना १.७ ग्रॅम आणि ३० अंशांना जेमतेम सव्वा ग्रॅम. चांगल्या सणसणीत सोड्याला लिटरमागे सातएक ग्रॅम लागतो. ४ अंशांना तो विरघळवायला २० पीएसआयच्या आसपास दाब पुरतो, म्हणजे साधारण स्कूटरच्या पुढच्या चाकातल्या हवेएवढा. तोच सोडा रोह्याच्या पडवीतल्या ३० अंशांत करायचा, तर दाब ६० च्या वर न्यावा लागेल आणि ग्लासात पडताच सगळा वायू उडून जाईल. नळातून फसफसतं पेय हवं असेल तर खरा खर्च थंडीचा आहे आणि ती थंडी जुना फ्रीज अजून देतो.

काम सुरू करताना पहिला प्रश्न आला भोक कुठे पाडायचं हा. सुरीचा प्रसंग डोळ्यांसमोर होता. पाठीवर काळी जाळी असलेल्या जुन्या फ्रीजमध्ये उष्णता टाकणाऱ्या मुख्य नळ्या बाहेर दिसतात. नवीन फ्रीजची पाठ सपाट असते, कारण त्या नळ्या बाजूच्या भिंतींत पत्र्यामागे दडवलेल्या असतात. फ्रीज चालू असताना बाजूला हात लावा, भिंत कोमट लागेल. त्या भिंतीत ड्रिल घातलं की खेळ खलास. वर नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, आणि ड्रिलची ठिणगी त्याला पुरते. दार मात्र निर्धोक. त्यात फक्त बाहेरचा पत्रा, फोम आणि आतलं प्लास्टिक. आम्ही नळ दारातूनच काढला. भोक पाडताना पिवळसर फोमचा भुगा पडला, तो पिशवीत भरून ठेवला.

फ्रीज फोडू नये याचं माझ्या मनातलं मोठं कारण म्हणजे त्यातला वायू. त्या काळच्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा आणि फोम फुगवायला सीएफसी-११. दोन्ही ओझोनचा थर खातात. शिवाय आर-१२ चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशोबात जवळजवळ ११ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. भंगारवाला तांब्यासाठी नळी पक्कडीने तोडतो तेव्हा शंभर ग्रॅम जरी हवेत गेला, तरी तो टनभर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखाच. माझ्या सुरीनेही तेच केलं होतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने हे वायू टप्प्याटप्प्याने बंद केले. भारतात त्यांचं उत्पादन, औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडता, ऑगस्ट २००८ मध्ये थांबलं. पण आधी भरलेला वायू घराघरांतल्या जुन्या फ्रीजमध्ये अजून आहे. आता ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीज येतो. तो हातगाडीवर चढवण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा, जिथे वायू आधी यंत्राने ओढून घेतात. आणि चालू फ्रीज आणखी दहा वर्षं चालला तर तो वायू तेवढी वर्षं जागेवर राहतो.

नळ आणि जोड निवडताना मामींचं म्हणणं कामी आलं. बाजारात पितळी नळ स्वस्त मिळत होता. त्या म्हणाल्या, "कोकम पितळेत? कळकेल ना!" अगदी बरोबर. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवला की आम्ल तांबं खातं आणि ते पोटात जातं. सोडा स्वतःच आम्ल असतो, कारण पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं थोडं कार्बोनिक आम्ल होतं. त्यात आगळ म्हणजे आम्लावर आम्ल. सोडा यंत्रांतलं पाणी उलटं तांब्याच्या नळीत शिरून माणसांना उलट्या झाल्याची उदाहरणं जगात नोंदलेली आहेत. म्हणून पिंपापासून नळापर्यंत आम्ही स्टेनलेस स्टील आणि खाद्यपदार्थांना चालणारी प्लास्टिक नळी, एवढंच वापरलं.

सिलेंडर दोन किलोचा घेतला. इथे एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला थक्क करते. कार्बन डायऑक्साइड सिलेंडरमध्ये द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. आपला वैशाख त्या रेषेच्या सहज पलीकडे जातो. दुपारी पडवीत ठेवलेल्या सिलेंडरच्या आत द्रव आणि वायू यांमधली सीमाच पुसली जाते आणि दाब ७० बारच्या वर चढत राहतो. फ्रीजमध्ये ४ अंशांना तोच दाब ३९ बारच्या आसपास असतो. म्हणून सिलेंडर सावलीत, उभा, साखळीने बांधलेला हवा, आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता असलेलाच हवा. दाब उतरवणारा रेग्युलेटर नसेल तर त्याला हात लावू नये.

आणि तो बंद खोलीत नको. दोन किलो वायू मोकळा झाला तर एक घनमीटरहून थोडी जास्त जागा घेतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत हे प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं आणि तेवढं माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खाली साचतो, जिथे मुलं झोपतात. पडवी तीन बाजूंनी मोकळी आहे. फ्रीज तिथेच राहिला.

पहिल्या दिवशी नळ उघडला तर ग्लासात नुसता लाल फेस. आगळ दोनदा गाळलं होतं, पिंप गार होतं, दाब बरोबर होता. चूक नळीत होती. मी दीड मीटर नळी जोडली होती. पिंपातला २० पीएसआय दाब नळाच्या तोंडाशी एकदम शून्यावर आला की विरघळलेला वायू तिथेच उसळतो. हा दाब वाटेत हळूहळू झिजवायला हवा आणि ते काम नळीच्या आतल्या घर्षणाचं. पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी सहा मीटर घेतली, तिचं वेटोळं करून पिंपावर थंडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी धार सरळ आली, वर बोटभर फेस. तरीही पहिला ग्लास थोडा जास्तच फेसाळतो, कारण नळ दाराबाहेर गरम हवेत असतो. तो ग्लास मामा स्वतः घेतात.

धीर मात्र लागतो. १९ लिटर पाणी ३० वरून ४ अंशांवर आणायचं म्हणजे सुमारे २०६० किलोज्यूल उष्णता बाहेर काढायची. हा एवढासा फ्रीज सेकंदाला शंभरच्या आसपास ज्यूल ओढतो. हिशोब सहा तासांचा येतो, प्रत्यक्षात रात्र आणि दुसरी सकाळ जाते. त्यात रोह्याची वीज. ती गेली आणि लगेच आली तर कॉम्प्रेसर अडतो, कारण दोन्ही बाजूंचे दाब अजून सारखे झालेले नसतात. म्हणून वीज आल्यावर पाच मिनिटं थांबूनच बटण दाबायचं, हा मामांचा जुना नियम आम्ही पुन्हा लागू केला. विजेचं बिल नव्या फ्रीजपेक्षा जास्त येणार, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. म्हणून मृग बरसला की तो बंद करायचा, दार उघडं ठेवून आतली ओल सुकवायची, नळी गरम पाण्याने धुऊन टांगायची, असं ठरलं आहे. आणि लहान मूल आत शिरून दार ओढून घेणार नाही, म्हणून दारात लाकडी फळी अडकवायची.

या वर्षी रातांबे उशिरा पिकले. परवा मामींनी आगळाची पहिली बरणी गाळली आणि मामांचा फोन आला, "पिंप धुतलंय. गॅस भरून आणलाय. तू येतोस ना?" शनिवारी सकाळच्या गाडीने पेणहून निघतोय. आईने मिरगुंडांची पिशवी बांधून ठेवली आहे, त्याच जुन्या फ्रीजमधून काढून.